सगुणाची चाल

फलटणच्या शाळेच्या मैदानावर सकाळच्या सरावात रेणुका जाचक शिट्टी वाजवायला हात उचलायला गेली, पण हात वर आलाच नाही. शिट्टी गळ्यातल्या दोरीला तशीच लोंबकळत राहिली. मग उजवा पाय गेला आणि ती खाली कोसळली. ओळीत बसलेल्या मुलींना वाटलं, बाई काहीतरी करून दाखवताहेत. खो-खो शिकवताना रेणुका नेहमीच मैदानात उतरायची, हूल कशी द्यायची, खांबाला वळसा कसा घालायचा ते स्वतः करून दाखवायची. बाई उठत नाहीत म्हटल्यावर एक मुलगी ओरडली.

वय अठ्ठेचाळीस. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. दवाखाना जवळ होता म्हणून ती वाचली. आठवड्याभरात बोलणं नीट झालं. महिन्याभरात उजव्या हातात चमचा धरता येऊ लागला. पाय मात्र कुणा दुसऱ्याचा चुकून इथे राहिल्यासारखा पडून होता.

नवरा सुहास आणि मुलगी शाल्मली तिला साताऱ्याच्या पुनर्वसन केंद्रात घेऊन गेले. सुहासची डाळिंबाची रोपवाटिका होती, शाल्मली कृषी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या डॉक्टर नाझनीन मुजावर बुटक्या, घाईघाईने चालणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टेबलावर एक काळा, घट्ट विणीचा पायजम्यासारखा सूट पसरला. आतल्या बाजूने त्याला एकशे ऐंशी धातूचे ठिपके होते.

"आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल मेंदू ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "मेंदू नुसतं 'चल' म्हणतो. कुठला स्नायू केव्हा आवळायचा, केव्हा सोडायचा, ते पाठीच्या कण्यातल्या पेशी आपापसात ठरवतात. रेणुकाताई, तुमच्या त्या पेशी ठणठणीत आहेत. त्यांना वरून येणारा आवाज बंद झालाय, एवढंच. हा सूट त्यांना बारीक विजेचे झटके देऊन चालायला लावतो. हजारो वेळा असं झालं की मेंदूचा शाबूत भाग नवी वाट शोधतो. मग सूट काढून टाकायचा."

"किती दिवसांत?" रेणुकाने विचारलं.

"दोन-तीन महिने धरू."

सात आठवडे झाले तरी काही होईना. सूट चालू केला की पोटरीत गोळे यायचे, मांडी थरथरायची आणि पाय उचलायच्या ऐवजी खुंटासारखा ताठ व्हायचा. सूटमध्ये भरलेली चाल अकरा हजार माणसांच्या चालींची सरासरी होती. बहुतेकांना ती चालून जायची. काही शरीरं मात्र तिला आत येऊ देत नसत. अक्षर जसं ज्याचं त्याचं असतं तशीच चालही. खेळाडूंच्या बाबतीत तर हे फारच, कारण त्यांची चाल वर्षानुवर्षं घोटलेली असते.

"दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं," रेणुका म्हणाली.

"तुमच्या फोनमधून मी तुमच्या जुन्या चालण्याचा ताल काढला," डॉक्टर म्हणाल्या. "फोन खिशात असायचा ना तुमच्या? किती वेगाने चालत होता, कुठल्या पायावर किती वेळ टेकत होता, एवढं त्यातून कळतं. पण गुडघा किती अंशात वाकला, स्नायूने केव्हा जोर घेतला, ते नाही कळत. त्याची बारीक नोंद असती तर गोष्ट वेगळी होती. पण अशी नोंद कोण कशाला करून ठेवतं?"

शाल्मली खिडकीपाशी उभी होती. ती वळली.

"आईची आहे," ती म्हणाली. "सगुणा."

रेणुकाने डोळे मिटून घेतले. चोवीस वर्षं ती या नावाबद्दल घरात चकार शब्द बोलली नव्हती.

२०३१ साली, तेविसाव्या वर्षी, ती राज्याच्या संघातून खेळत होती. पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओने 'घाटवाट' नावाचा व्हिडिओ गेम करायला घेतला होता. त्याची नायिका सगुणा गडागडांवर गुप्त पत्रं पोचवणारी बाई होती. तिच्याकडे तलवार नव्हती, बंदूक नव्हती. धावायचं, चढायचं, हूल द्यायची आणि निसटायचं, एवढंच तिचं काम. तिच्या हालचाली खऱ्या माणसाकडून हव्या होत्या आणि त्यांनी रेणुकाला बोलावलं. अंगभर खुणांचे मणी, भोवती चाळीस कॅमेरे आणि कातडीखाली स्नायू कसे हलतात ते पडद्यावर दिसावं म्हणून पायांवर चिकटवलेल्या चकत्या.

पहिल्याच दिवशी खटका उडाला. दिग्दर्शकाने पडद्यावर दुसऱ्या एका गेममधली बाई दाखवली. कंबर लचकवत, एका रेषेत पावलं टाकत ती चालत होती. "हे असं," तो म्हणाला.

"पाठीवर थैली घेऊन बारा कोस पळणारी बाई असं चालेल?" रेणुका म्हणाली.

"खेळणाऱ्यांना बघायला बरं वाटतं."

"मग त्यांना दुसरी बाई बघू दे. मी निघते."

कॅमेऱ्यांमागे बसलेल्या दोन मुली फिसकन हसल्या. दिग्दर्शक तासभर रुसून बसला, मग म्हणाला, चाला तुम्हाला हवं तसं. तिसऱ्या दिवशी धावून धावून रेणुकाला इतका दम लागला की ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, बराच वेळ श्वास घेतला, तळवे कमरेला पुसले आणि पुन्हा उभी राहिली. यंत्र चालूच होतं. ते त्यांनी जसंच्या तसं गेममध्ये ठेवलं.

गेम आला त्याच वर्षी एका सामन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेनंतर ती चालायला लागली, पण जरा पाय ओढत. खेळ संपला. पडद्यावर दोन्ही पायांनी धावणारी ती दुसरी बाई तिला बघवेना. तिने गेम कधी उघडला नाही. शाल्मली बारा वर्षांची असताना एका मैत्रिणीकडे तो जुना गेम खेळून घरी आली आणि म्हणाली, "आई, त्यातली बाई अगदी तुझ्यासारखे हात पुसते." तेव्हा रेणुका फक्त म्हणाली, "असेल." पण सुहासने त्याच संध्याकाळी मुलीला खरं सांगून टाकलं होतं.

स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. पण गेमवर जीव असलेल्या लोकांचा एक गट अजून होता, बहुतेक चाळिशीकडे झुकलेल्या बायका. स्टुडिओने जाताना सगळं मूळ साहित्य त्यांच्या हवाली केलं होतं. शाल्मलीने गटावर लिहिलं आणि दोन तासांत चंद्रपूरहून प्रणोती मडावी नावाच्या बाईंचा फोन आला. त्या वनरक्षक होत्या. बाकीच्यांकडच्या प्रती खराब झाल्या होत्या. प्रणोती मात्र दरवर्षी सगळं नव्या डिस्कवर उतरवून ठेवत होत्या.

"आत्ता पाठवता येईल का?" शाल्मलीने विचारलं.

"पाठवते ना. पण मी येऊ का? मला भेटायचं आहे त्यांना."

त्या केंद्रात आल्या, चौथ्या दिवशी सकाळी, खाकी पँट आणि धुळीचे बूट घालून. चाकांच्या खुर्चीतल्या रेणुकाकडे बघत त्या दारातच थांबल्या. मग पुढे येऊन वाकल्या.

"अहो, त्या पायाला नको," रेणुका म्हणाली. "त्याला कळत नाही. डाव्या पायाला लावा."

प्रणोती हसल्या, मग एकदम रडायलाच लागल्या. शाल्मलीने पाणी दिलं.

"तेव्हा मी चौदा वर्षांची होते, ताई," त्या म्हणाल्या. "सगळे गेम खेळून बसले होते. त्यांतल्या बाया दमतच नव्हत्या. डोंगर चढून गेल्या तरी केस जागच्या जागी. सगुणा दमायची. वाकून उभी राहायची. मागून शत्रू येतो आहे आणि ही श्वास घेते आहे! माझा भाऊ चिडायचा, बटण दाबत सुटायचा. मला वाटायचं, हिला घेऊ द्या श्वास. वनखात्याच्या भरतीत धावताना पाचव्या फेरीला माझ्या पोटात अशी कळ आली की वाटलं, सोडून द्यावं. मी तिच्यासारखे कमरेला हात पुसले. बस. पूर्ण केली फेरी."

चोवीस वर्षं जिचा राग केला, ती बाई चंद्रपूरच्या जंगलात कुणाच्या तरी बरोबर धावत होती आणि रेणुकाला पत्ताच नव्हता.

"जेवून जा," ती म्हणाली. "आमच्याकडे डाळिंबं आहेत चांगली."

नोंदीत एकूण चौतीस हालचाली निघाल्या. सांध्यांचे कोन, स्नायूंचा जोर, सगळं सेकंदाला दोनशे चाळीस वेळा मोजलेलं. डॉक्टर मुजावर तीन दिवस केबिनमधून बाहेर आल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सूट चालू केला तेव्हा पाय ताठ झाला नाही. गुडघा हळूच वाकला, टाच उचलली गेली, पाय पुढे आला आणि जमिनीवर टेकला.

"हं," रेणुका म्हणाली. "हा माझा आहे."

त्या दिवशी बारा पावलं झाली. आठवड्याने दोनशे. शरीराला आपली जुनी लकब सापडली की ते भराभर शिकतं, असा डॉक्टरांचा अंदाज होता. पण एवढा वेग त्यांनीही पाहिला नव्हता. पाचव्या आठवड्यात रेणुका सूट घालून घरी आली, काठीशिवाय, ताड ताड पावलं टाकत. तिने फाटक उघडलं, अंगण ओलांडलं, पायऱ्या चढली. शेजारच्या बायका कौतुकाने बघायला आल्या. रेणुकाने त्यांना अंगणात तीन वेळा चालून दाखवलं.

सुहास खूश होता. पण दोन-चार दिवसांत तो गप्प गप्प राहायला लागला. एका दुपारी रेणुका रोपवाटिकेत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली तेव्हा तो इतका दचकला की हातातलं कलम खाली पडलं.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"सांगा ना."

त्याने कलम उचललं, माती झटकली. "वीस वर्षं मी इथे खाली मान घालून बसतोय, रेणू. तू आलीस की पाऊल वाजायचं. एक टेकायचं, एक घसरायचं. मी न बघता विचारायचो, चहा झाला का. आता कोण आलं तेच कळत नाही."

"म्हणजे मी लंगडत होते तेच बरं होतं?"

"तसं नाही ग." तो ओशाळला. "पण तू मला भेटलीस ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. या बाईला मी कधी चालताना पाहिलंच नाही. परवा बाजारात तू पुढे निघून गेलीस, मी पिशव्या घेऊन मागे धावतोय. हाक मारली तर थांबलीस, पण हळू नाही झालीस."

रेणुकाला राग आला. इतक्या वर्षांनी पाय हलका झाला होता, वारा कानाला लागत होता आणि याला पावलांचा आवाज हवा होता! दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच शाळेच्या मैदानावर गेली. खांबापर्यंत धावली, वळसा घेतला, परत आली. पुन्हा गेली. सातव्या फेरीला उजव्या गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं. घरी येईपर्यंत गुडघा पपईएवढा सुजला होता.

ती पुन्हा केंद्रात दाखल झाली तेव्हा डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "चूक माझी आहे. सूटमधली चाल तेविसाव्या वर्षीची आहे, गुडघा अठ्ठेचाळिसाव्या वर्षीचा, तोही शिवलेला. मी वेग कमी करून पाहिला, पण नुसतं संथ केलं की तोल जातो. हळू चालणं म्हणजे भरभर चालणं सावकाश करणं नव्हे, ती वेगळीच हालचाल असते. चौतीस हालचालींत हळू चालणं नाहीच. धावणं आहे, चढणं आहे, उडी आहे, रांगणं आहे."

"कसं असेल?" सुहास म्हणाला. "सगुणाच्या बरोबर कधी कुणी चालतच नाही."

रेणुकाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर तिची पर्स होती आणि तो तिचा पट्टा उगाच बोटाला गुंडाळत होता.

"मला यांच्याबरोबर चालता आलं पाहिजे, डॉक्टर," ती म्हणाली. "नाहीतर काय उपयोग?"

"मग हळू चालण्यासाठी सरासरी चाल भरावी लागेल. तुमचं शरीर ती घेईल असं वाटत नाही."

घेतलीच नाही. पोटरीत पुन्हा गोळे आले. दोन आठवडे तसेच गेले. गुडघ्याची सूज उतरली. सूटशिवाय रेणुका आता भिंतीला धरून चार पावलं टाकू शकत होती, पण तीही घाईघाईची, पडायच्या बेतातली.

केंद्राच्या लांब व्हरांड्यात फरशीखाली नुकतीच दाब मोजणारी जाळी बसवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलांचा ताल ती टिपायची आणि रुग्ण असेल तर त्याच्या नावावर नोंद करायची. एका गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि त्या धावतच रेणुकाच्या खोलीत आल्या.

"तुम्ही आत्ता बाहेर चालत होता? आधाराशिवाय?"

रेणुका पलंगावर बसून पोहे खात होती. "मी? नाही हो."

"जाळी सांगते आहे, साडेनऊला रेणुका जाचक व्हरांड्यातून गेल्या. ताल जुन्या फोनच्या नोंदीशी ब्याण्णव टक्के जुळतो."

तेवढ्यात शाल्मली थर्मास घेऊन आत आली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"जरा दारापर्यंत जाऊन ये बरं."

"का?"

"जा ना."

शाल्मली गेली आणि आली. डाव्या पायावर किंचित जास्त वेळ टेकत होती, उजवा जरासा घासत आणत होती. सुहास खुर्चीतून अर्धा उठला. रेणुकाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"तुझ्या गुडघ्याला कधी काही झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पण आई लहानपणापासून ओरडते, पाय घासत चालू नकोस म्हणून. चपला झिजतात माझ्या एकाच बाजूने."

"मूल चालायला शिकतं ते बघून बघून," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. "बोलण्यातला हेल उचलतं ना घरच्यांचा, तसं. हिच्यासमोर रोज तुम्ही चालत होता. हिला वाटलं, असंच चालायचं असतं."

रेणुका लेकीकडे बघत राहिली. ती पाठमोरी शाळेला निघायची तेव्हा हजारदा पाहिलेली चाल. इतकी वर्षं ती त्या पायांवर रागावत आली होती, पण ते कुणाचे आहेत ते तिने एकदाही ओळखलं नव्हतं.

"देशील का ग?" तिने विचारलं.

"आई, काहीतरीच काय विचारतेस!"

शाल्मलीच्या अंगावर मणी लावले गेले, पायांवर चकत्या चिकटवल्या गेल्या. तिला फक्त चालायचं होतं, आणि तेच तिला जमेना. कुणी बघतंय म्हटलं की ती अवघडायची, पाय मोजून टाकायची. मग सुहास तिच्या बाजूने चालायला लागला. खतांचे भाव, कॉलेजची परीक्षा, घरी गेल्यावर भाजी काय करायची, असं काहीबाही बोलत राहिला. दहा मिनिटांत ती कॅमेरे विसरली. पाच दिवस बापलेक त्या हॉलमध्ये चकरा मारत होते. रेणुका काचेमागे बसून बघत होती. आपण या माणसाबरोबर चालताना कशा दिसत असू, ते तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

मुलीच्या पायांची लांबी आणि वजन आईच्या मापाला बसवायला डॉक्टरांना आणखी आठवडा लागला. त्यांनी दोन्ही चाली सूटमध्ये भरल्या आणि मध्ये काहीच ठरवून दिलं नाही. कुठे सगुणा घ्यायची, कुठे शाल्मली, ते शरीरावर सोडलं. पहिले काही दिवस रेणुकाचा पाय मध्येच गोंधळायचा. एक पाऊल ताड पडायचं, पुढचं घसरायचं. मग हळूहळू त्याला समजायला लागलं. जिना चढताना सगुणा यायची. सपाट रस्त्यावर, कुणी बरोबर असलं की दुसरी. दर आठवड्याला सूटमधली वीज कमी होत गेली. श्रावणात एक दिवस डॉक्टरांनी ती बंदच केली आणि रेणुकाला मुद्दाम सांगितलं नाही. तिला कळलं तेव्हा ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

दसऱ्यानंतर ती पुन्हा शाळेत जायला लागली. मुलींना हूल शिकवायची ती आता खुर्चीवर बसून. उठलीच तर अर्ध्या मैदानापर्यंत, आणि तेवढ्यात खांबाजवळची मुलगी चकायचीच. प्रणोती मडावींच्या गटाने तिला विचारलं होतं की पन्नाशीची सगुणा करूया का, बरोबर कुणीतरी असलेली. तिने हो म्हटलं होतं, दिवाळीनंतर.

कार्तिकातल्या एका सकाळी रेणुका आणि सुहास कालव्याच्या कडेने फिरायला निघाले. हवेत गारवा होता म्हणून तिने शाल्मलीचं लाल जॅकेट अंगावर चढवलं होतं. पाणी काठोकाठ भरून वाहत होतं. सुहास नव्या रोपांबद्दल काहीतरी सांगत होता आणि ती हूं हूं करत होती. पुलापाशी तो एका ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलायला थांबला. रेणुका आपल्या तंद्रीत पुढे चालत राहिली.

मागून कालव्यापलीकडच्या घोलपकाकूंची हाक आली. काकू दूध घालून परत येत होत्या, हातात रिकामी किटली होती.

"शाल्मली, ए शाल्मली! अगं, थांब की जरा. आई कशी आहे आता? चालते का?"

रेणुका थांबली. तिने लगेच मागे वळून पाहिलं नाही. आधी तिला पोटभर हसू येऊ द्यायचं होतं.